पाटी कुणाच्या गळ्यात

छत्रपती संभाजीनगर,
१२ ऑक्टोबर

प्रिय अपू,

पत्र हातात पडल्या पडल्या तू फोन लावशील, आईला काय झालं म्हणून. लावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. आठवडाभर मी फोनवर हेच सांगायला जाते आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून देते.

तू तिकडच्या, वेल्सच्या संग्रहालयातून पाठवलेल्या त्या फोटोपासून सुरुवात करते. वीतभर लाकडाचा तुकडा, त्याला भोक, भोकात दोरी आणि वर कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं, डब्ल्यू आणि एन. खाली तू एक शब्द लिहिला नव्हतास. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. वाटलं, हिला कळलं. कुणी सांगितलं असेल?

खरं तर तू काहीतरी लपवतेयस हा संशय त्याच्या आधीपासूनच होता. तुझा दर मंगळवारचा फोन बंद झाला. विचारलं तर म्हणालीस, वेल्श भाषेच्या वर्गाला जाते. मला पटेना. तिथं सगळ्यांना इंग्रजी येतं, हॉस्पिटल इंग्रजीत चालतं, मग डोंगरातल्या लोकांची भाषा शिकायला ड्यूटी करून दमलेली नर्स कशाला जाईल? नक्की कुणीतरी मुलगा असणार, असं मी धरून चालले. तुझ्या घरमालकिणीचा नंबर होता माझ्याकडे. तिला मी गोड बोलून आडून आडून विचारलं, हे तुला आज कळतंय. ती बिचारी म्हणाली, तुमची मुलगी आमच्या सगळ्यांशी आमच्या भाषेत बोलायला लागलीय, आणि फोनवरच रडली. मला तेही नाटक वाटलं.

मग तुझ्या वॉर्डातल्या ग्वेनबाईंचं सांगितलंस. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, मेंदूला झटका आल्यावर इंग्रजी पार पुसलं गेलं आणि लहानपणची वेल्श तेवढी उरली. पाणी मागायची तेही कुणाला कळत नव्हतं. तिच्यासाठी तू शिकलीस. ऐकून डोळे भरून आले गं, पण मनातला कोपरा म्हणतच होता, एवढंच नसणार.

फोटोनंतर दोन तासांनी तुझा लांबलचक मेसेज आला. ती अक्षरं म्हणजे ‘वेल्श नॉट’, वेल्श बोलायचं नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या काही शाळांत मूल वेल्श बोलताना सापडलं की हा तुकडा त्याच्या गळ्यात घालायचे. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं, मग तो तुकडा त्या मुलाच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. ग्वेनबाईंच्या आजीनं तो घातला होता, आणि मरेपर्यंत ती परक्या माणसासमोर मोठ्यानं बोलली नाही. शेवटी तू लिहिलंस, ‘आई, कसले दुष्ट मास्तर असतील गं.’ हे वाक्य मी पन्नासदा वाचलं. तू मुद्दाम लिहिलंस असंच वाटत राहिलं.

तुला चौथीतली माहनूर आठवते? तुझ्या बाकावर बसायची, दोन वेण्या, लाल रिबिनी. वडील कमरोद्दीनभाई मागावर हिमरूच्या शाली विणायचे. ती बिडकीनला गेली, असं मी तुला सांगितलं होतं. तू आठवडाभर धड जेवली नव्हतीस. अपू, ती बिडकीनला कधी गेलीच नाही. पडेगावातच होती, आपल्यापासून दोन स्टॉपवर.

मी शिकवायचे त्या तुझ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही एक पाटी होती, तुला आता आठवत नसेल. प्लायवूडची, वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘मी इंग्रजी बोलत नाही.’ नियम तुझ्या त्या वेल्समधल्यासारखाच, फक्त छड्या नव्हत्या. ती कल्पना हेडमास्तरांची नव्हती. माझी होती. मी गंगापूरकडची मुलगी, पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझ्या ‘लई’ आणि ‘नाय’ला सगळा वर्ग हसायचा. एकदा सरांनी मला उभं करून तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं होतं. माझ्या वर्गातल्या एकाही लेकरावर ही वेळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं, आणि त्यासाठी काय केलं तर ही पाटी. बाकीच्या शिक्षिकांनी माझं कौतुक केलं होतं.

त्या दिवशी संस्थेची माणसं तपासणीला आली होती. मधल्या सुट्टीत हेडमास्तर मला घेऊन वर्गाच्या दारात आले आणि आतून मराठी ऐकू आलं. पाटी माहनूरच्या गळ्यात गेली. शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसली, पाहुण्यांसमोर शेवटच्या प्रार्थनेलाही तशीच उभी राहिली. रडली नाही. न्यायला आलेल्या कमरोद्दीनभाईंनी ते पाहिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला म्हणाले, “बाई, ह्ये काय बक्षीस हाय का?” मी टेबलावरच्या वह्या आवरायला लागले. मग माहनूरनंच त्यांना सांगितलं. त्यांनी हळूच दोरी तिच्या वेणीतून सोडवली, पाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिला घेऊन गेले. परत पाठवलंच नाही.

तुझा फोटो आल्यावर मला खात्रीच झाली की माहनूरनं तुला मोबाइलवर गाठलं आणि सगळं सांगितलं. मागच्या रविवारी मी रिक्षा करून पडेगावला गेले. माफी मागायला नव्हे, तिनं काय काय सांगितलं हे काढून घ्यायला. दार तिनंच उघडलं. ओळखलं लगेच. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चहा ठेवला, कमरोद्दीनभाईंना हाताला धरून बाहेर आणून बसवलं, त्यांना आता नीट दिसत नाही. मी इकडचं तिकडचं विचारत राहिले. शेवटी तिनंच विचारलं, “बाई, तुम्ही खरं कशाला आलात?”

मी म्हटलं, तू अपेक्षाला काय सांगितलंस?

ती म्हणाली, “मी कशाला सांगू? मला तर ती कुठं हाय ते बी माहीत नाय. तिनं मला कधी शोधलं नाय, मला वाटलं तिला माझी लाज वाटती.”

म्हणजे कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. तू फोटो पाठवलास तो नवल वाटलं म्हणून. मी गप्प बसले असते तर हे कुणाला कळलंही नसतं. रिक्षात बसून परत येताना, खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखंच वाटलं. घरी आले, कुलूप काढलं, आणि मग मात्र हिशेब मांडला. बावीस वर्षं ती समजत होती की तू तिला टाकलंस, आणि तू समजत होतीस की ती तुला न सांगता निघून गेली. दोघींच्या मध्ये मी उभी होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. निघताना माहनूर दारापर्यंत आली आणि म्हणाली, “अपेक्षाला सांगायचं तर तुम्हीच सांगा, पण पूर्ण सांगा.” म्हणून पूर्ण सांगते. त्या मधल्या सुट्टीत वर्गात जे मराठी ऐकू आलं, ते माहनूर बोललीच नव्हती. “तुह्या डब्यात काय हाय गं?” हा आवाज तुझा होता. मी ओळखला होता. हेडमास्तरांनी विचारलं, कोण बोललं? तू मान खाली घातलीस, पुढचं तुला दिसलं नाही; तू नऊ वर्षांची होतीस, तुझा काही दोष नाही. माहनूरनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या लेकीच्या गळ्यात पाटी नको म्हणून मी बोट तिच्याकडे केलं. तिचा नंबर पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलाय. आधी तिला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल, किती का दिवसांनी असेना.

तुझीच,
आई