अश्वजितचे पाय इंझोरीला जाऊन आले

रिसोड,
मंगळवार

आदरणीय व्याही रामराव यांना शेषरावचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? चंपाबाईंची तब्येत बरी असेल. इकडे सगळे मजेत आहेत, एक मी सोडून. फोनच केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की आपला नातू अश्वजित माझ्या हातातून फोन हिसकावतो आणि तास तासभर तुमच्या बकरीच्या पिल्लाची चौकशी करत बसतो.

काल वाशिमला अश्वजितचं हर्नियाचं ऑपरेशन सुखरूप झालं. सकाळी नेला, संध्याकाळी घरी. (माझ्या वेळी मी नऊ दिवस पडून होतो. तुम्ही एकदाच आलात, तेही डझनभर केळी घेऊन, आणि त्यातली चार तुम्हीच खाल्लीत.) त्याला उपाशी ठेवायचं होतं म्हणून मीही उपाशी राहिलो. एक कचोरी खाल्ली, पण ती जिन्यात. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आधी मास्क लावून झोपवू, मग माकडहाडाजवळ सुई देऊन खालचा भाग बधिर करू. जागा झाल्यावर दुखणार नाही, पाय मात्र काही तास जड राहतील. मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मग बाईंनी अश्वजितला विचारलं, “तुझे पाय थोडा वेळ झोपणार आहेत. त्यांना कुठं पाठवू या?”

“इंझोरीले. आबाच्या वावरात.”

रामराव, तीन वर्षं या पोराला मी अंगणवाडीत सोडतो. दप्तर माझ्या खांद्यावर आणि पाय तुमच्या वावरात! खरं सांगतो, मी जळलो.

तो जागा झाल्यावर मी त्याच्या अंगठ्याला चिमटा काढून पाहिला. पोरगं हूं की चूं करेना. “बाई, याचे पाय गेले!” अशी बोंब ठोकली, की शेजारच्या खाटेवरचं लेकरूही रडायला लागलं. पल्लवीनं (सून माझी असली तरी शेवटी मुलगी तुमची) मला बाहेर नेऊन बसवलं. आतून अश्वजितच मला धीर देत होता, “भिऊ नका आबा. पाय पिल्लासंगं खेळून राह्यले. येतीन.”

चार वाजता बोटं हलली. दिवसभर हललो नाही तो मी, आणि पोरगं म्हणतं काय, “इंझोरीच्या आबानं पाठवले!”

तुमचा (अजून धुमसणारा) व्याही
शेषराव

ता. क. काही दिवस पळायचं नाही म्हणून बाईंनी बजावलंय, पण तो माझं ऐकत नाही. तुम्ही या. पिल्लूही आणा. एसटीत घेत नसतील तर जीपनं या.

आणखी एक. आल्या आल्या तो विचारेल, माझे पाय तिकडं काय करत होते? उत्तर लिहून देतो, पाठ करूनच घराबाहेर पडा: “खेळले कुठचे बाबू, दिवसभर रिसोडच्या आबाचीच याद काढून राह्यले होते.”