दुसरा गिअर

नागपूर, जानेवारी १९७४

चि. प्रेमिला,

तुझे बाबा सुधारत आहेत, असे मी काल लिहिले आणि ते पत्र पेटीत टाकले. हे टाकणार नाही.

झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, हे तुला माहीत आहे. मालिशसाठी मी त्यांना रोज सकाळी जीपने कन्हानच्या वैद्याकडे नेते. थंडीत जीपचे ऑइल घट्ट होते, म्हणून दुसरा गिअर दोनदा क्लच दाबून हळूच घालावा लागतो. झटक्याआधी मी नेहमी घाई करायचे. मग ते ओरडायचे, "काहून वं, दात पाडून राहिली का तिचे? गरम तं होऊ दे तिले." बी.ए. झालेल्या बायकोला एवढे जमत नाही, असे चारचौघांत सांगायचे. मला राग यायचा.

आज धुक्यात मी मुद्दाम क्लच न दाबता गिअर ओढला. जीप अशी किंचाळली की पुढचा दूधवाला सायकलवरून उतरला. बाबा काचेवरचे दव बघत होते. मी पुन्हा ओढला. मग चारही चाकांना जोर देणारा लहान दांडाही ओढला. डांबरी रस्त्यावर त्याला हात लावला, तर ते दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत. आज त्यांची पापणीही हलली नाही.

बाबा ओळखतात का, असे तू विचारतेस. मला ओळखले नसते, तरी मी धीर धरला असता. ते जीपलाही ओळखत नाहीत.

परतताना दुसरा गिअर आवाज न करता पडला. मी त्यांना तसे सांगितले.

तुझी,
आई