मागच्याला आधी पाणी

४ एप्रिल २००४, पोलादपूर

पोचलो एकदाचा! पुण्याहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण खोली बघितली आणि शीण गेला. बाजारपेठेच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, खिडकीतून नदी दिसते. घरमालकीण नसीबाभाभींचे यजमान कुवेतला असतात, खालचं किराणा दुकान त्या स्वतः बघतात. आल्या आल्या चहा आणि नानखटाई पुढे केली. तीस वर्षं मशीनवर वाकलेला टेलर डोंगर चढायला आलाय हे ऐकून मनापासून हसल्या.

पुण्याच्या एका ट्रेकिंग क्लबला चाळीस हलक्या सॅक हव्या आहेत. पॅराशूटच्या कापडाची, साडेसहाशे ग्रॅमची माझी सॅक त्यांना पसंत पडली. तक्रार एकच, पाणी प्यायचं तर दर वेळी पाठीवरून उतरवावी लागते. तेव्हा महिनाभर चालून बाटलीची जागा मीच ठरवायची आहे. घरी तरी माझं कोण खोळंबलंय? बायको, सुमन, गेल्यापासून मी आणि मशीन, दोघंच. सारिका ठाण्याला नोकरीत अडकलेली. पण पंचवीस तारखेच्या रविवारी ती येणार आहे, बापाबरोबर डोंगर चढायला. चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली.

७ एप्रिल

बाजूच्या खिशांवर फुली. हात मागे वळवून बाटली निघते, पण परत जाईल तर शपथ. रात्री भाभींच्या मशीनवर दोन्ही खांदापट्ट्यांना छातीशी इलॅस्टिकचे खिसे शिवले. आता हात नुसता वर नेला की बाटली हातात. माझा वाटाड्या पांडू म्हणाला, "मास्तर, जुळ्यांना अंगावर घेतल्यावानी दिसतंय!"

पांडूच्या वाडीवरून खिंडीकडे जाणारी वाट कड्याच्या काठाने जाते. रुंदी हातभर. मी पुढे, तो मागे. मागून सांगत राहतो, दगड हलतोय, डावीकडं घ्या. इथली एक रीत मला फार आवडली. पुढच्याने पाणी काढलं की आधी मागच्याला द्यायचं. वळायचं नाही, वळलं तर तोल जातो. बाटली खांद्यावरून मागे धरायची, तो पितो, परत हातात ठेवतो, मग आपण प्यायचं. संध्याकाळी एसटीडीवरून सारिकाला हे सांगितलं. आपणही अस्संच करायचं, म्हणाली. पोरगी किती दिवसांनी हसली.

१२ एप्रिल

पांडू मुंबईला गेला. त्याच्या मुलाला, अक्षयला, तिथे खोली बदलायची आहे, हाताखाली माणूस हवा. वाट आता पाठ झालीय, एकटाच गेलो. फार शांत वाटलं. दगड हलतोय म्हणून सांगायलाही कुणी नव्हतं.

१३ एप्रिल

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. भर दुपारी कड्याच्या वाटेवर बाटली काढली आणि सवयीने खांद्यावरून मागे धरली. पांडू कुठाय वेड्या, असं मनात येऊन हात मागे घेणार, तेवढ्यात बाटली कुणीतरी घेतली. माझी बोटं रिकामी राहिली. चार घोट पिण्याइतका वेळ गेला आणि बाटली परत तळहातावर आली. अर्धी.

वाट रुंद झाल्यावर वळून पाहिलं. ऊन, कारवीची वाळकी झुडपं आणि मी. सांडली म्हणावी तर शर्ट कोरडा होता.

१५ एप्रिल

आज मुद्दाम हात मागे नेला. घेतली बाटली.

घाबरलो. पण खोटं कशाला लिहू, मला बरंही वाटलं. उतरताना त्याला सुमनबद्दल सांगत होतो. मी थांबलो की मागची पावलंही थांबत. इतकं मी कुणाशी दोन वर्षांत बोललो नव्हतो.

१८ एप्रिल

चार बाटल्या नेतो. मला घोटभर उरतो. बाटली परत देताना ते आता माझी बोटं लवकर सोडत नाही.

आज खाली आल्यावरही पावलं थांबली नाहीत. बाजारातून, दुकानावरून, जिन्यापर्यंत. खोलीत पेला उचलला तर हात आपोआप मागे गेला. मी नेला नाही, गेला. भाभींनी विचारलं, कुणाला देताय पाणी?

१९ एप्रिल

वाडीवर जाऊन पांडूच्या बायकोला, रखमाला, सगळं सांगितलं. तिने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "एकलं असताना हात मागं नेलात? ह्यांनी सांगितलं नाय तुमाला?" पांडूने नव्हतं सांगितलं. वाडीतलं कुणी त्या वाटेला एकटं जातच नाही, म्हणून त्याच्या ध्यानातही आलं नसणार.

तिच्या आजेसासऱ्याच्या वेळी त्या कड्यावर एक जण तहानेनं गेला. पाणी पुढच्यांकडे होतं आणि कुणी मागे पाहिलं नाही. तेव्हापासून ही रीत. जो पाणी देईल त्याच्या मागे तो लागतो. दुसऱ्या कुणी दिलं तर त्याच्या मागे जातो. मागे हैबती नावाच्या माणसाला लागला होता. हैबती भरल्या विहिरीच्या काठावर तहानेनं मेला. "जितनं लागला थितं न्या त्याला," रखमा म्हणाली. "रिकाम्या बाटल्या घेऊन जा. किती बी मागू दे, देऊ नका. सुटंल तर तसाच सुटंल."

२१ एप्रिल

ओठ फुटलेत. आधी तो पितो, सगळं पितो.

सारिकाला फोन केला, येऊ नकोस. आवाज असा का, आजारी आहात का, मग तर येणारच. खरं सांगवेना. मशीनशी बोलता म्हणून ती गेल्या वर्षीच डॉक्टरकडे नेणार होती मला. हे ऐकलं असतं तर उद्याच आली असती.

तिने चुकून जरी त्याला पाणी दिलं तर—

२४ एप्रिल

दोन दिवस पेल्याला हात लावला नाही. मी प्यायलो तर त्याला मिळणार.

उद्या पहाटे वर जातो, तिची गाडी यायच्या आत. भाभींना सांगितलंय, सारिकाला बसवून ठेवा, वर पाठवू नका. काहीही होवो, माझ्या पोरीच्या मागे हे लागता कामा नये.

२५ एप्रिल, सकाळ

कड्यावर बसलोय. रिकाम्या बाटल्या. मागून ओढतोय, एकदा ही, एकदा ती. देणार नाही. नाही.

ऊन चढलं. जीभ टाळ्याला—

सारिका. रात्रीच्या गाडीने आली. भाभींचं ऐकलं नाही, वाडीवर विचारत वर आली. रडली, रागावली. पाणी पुढे केलं, मी ढकललं. प्यायलो असतो तर आधी हात मागे— मान हलवली नुसती. बोलता येत नाही. घशातून आवाजच नाही.

"चला खाली. मी पुढे होते, माझ्यामागे या." निघाली ती.

उठलो. गुडघे गेले. बसलोय तिथेच. तिला कळलं नाही.

पाठ हलकी झालीय. मागे कुणी नाही. इतक्या दिवसांनी— सुटलो. सुटलो मी—

मग ती कुणाशी बोलतेय?

वीस पावलं पुढे. वळत नाहीये. तिला पावलं ऐकू येतायत मागे. माझी नाहीत. सारिका, माझी नाहीत ती— ओरडतोय, फक्त हवा येते—

बाटली काढली तिने. मीच सांगितलं होतं हे तिला, मीच— हात खांद्यावरून मागे—

नको

घेतली.

हसतेय ती. म्हणतेय, सावकाश प्या बाबा, सगळं तुमच्यासाठीच—