मामाच्या गाडीचा टायमिंग बेल्ट

१२ जानेवारी

डावा डोळा उघडत नाही. एकाच डोळ्याने लिहितोय, ओळी तिरक्या चालल्यात — चालू देत.

काल मामाचा चाळिसावा झाला, मामा जाऊन चाळीस दिवस. ढोल, ताडी, काळे-लाल कपडे, आणि सगळं गाव बघत असताना कुळाच्या म्हाताऱ्याने मामाच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. आमच्यात मामाचं भाच्याला जातं, मुलाला नाही. मुलगा त्याच्या आईच्या कुळाचा. कायदा काय म्हणतो ते कोर्टात, गावात हे असं. पण ग्यासीला — मामाच्या मुलाला — ते सोसवलं नाही. कुमासीत मॅगझिनला, गॅरेजांच्या त्या वस्तीत, फिटर आहे तो, ही गाडी इतकी वर्षं त्यानेच चालती ठेवली. त्याने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लोखंडी खुर्ची उचलली.

"ह्याला? ह्या भटक्याला? टायरात हवा कुठून भरतात ते तरी विचारा त्याला!"

पहिला दणका तोंडावर. दुसरा हुकला, ढोलावर बसला — ढोल फुटला! तिघांनी धरला तर एकाचा अंगठा चावला. माझं तोंड रक्ताने भरलं, पण मुठीतली किल्ली सोडली नाही.

आई शेक देताना म्हणाली, "त्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, अनाने बाळा. ब्रेक कापेल तो. ऐकतोयस ना?"

ऐकतोय.

१५ जानेवारी

उत्तरेला बोल्गापर्यंत प्रवासी न्यायचे. तिथून सरहद्द, मग पुढे बघू! आजवर ट्रकच्या टपावर बसून हिंडलो. आबिजानला कोको भरला, टेमाला मासे ओढले, कुठेच टिकलो नाही. आता बूडच चाकांवर आहे.

बाजारात दोन बोकड झुंजत होते. काय टकरा! बघत बसलो आणि माझे दोन प्रवासी दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. जिंकला त्या बोकडाला लगेच गिऱ्हाईक मिळालं. तिथेच कापला.

१९ जानेवारी

आज मागच्या सीटवर एक म्हातारा होता, जुना ट्रक ड्रायव्हर. मध्येच म्हणाला, "गाडी बाजूला घे." कान बॉनेटला लावला.

"टायमिंग बेल्ट कधी बदललास?"

"म्हणजे कुठला?"

बाकीचे प्रवासी हसले. म्हातारा नाही हसला. म्हणाला, आत एक रबरी दातेरी पट्टा असतो, तो व्हॉल्व्हला आणि पिस्टनला एकमेकांच्या वाटेत येऊ देत नाही. "तुटला की पिस्टन खालून येऊन व्हॉल्व्हच्या थोबाडीत मारतो. मग इंजिन भंगारात. आणि चढावर, मागे लाकडाचा ट्रक असताना बंद पडलास तर तूही भंगारात. आणि आम्हीही."

उतरताना सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो पट्टा कुरतडतोय.

२० जानेवारी

ज्याला विचारावं तो म्हणतो, माझा फिटर एकदम प्रामाणिक. कुमासीत अप्रामाणिक फिटर एकही नाही म्हणजे!

२३ जानेवारी

मॅगझिनला गेलो. बापरे. मैलभर नुसते घण. कापलेल्या गाड्या, उलट्या टांगलेल्या गाड्या, जमीन तेलाने काळी. शिरतानाच एकाला धोपटत होते, बॅटरी चोरली म्हणून. गळ्यात टायर अडकवलेला, कुणीतरी पेट्रोल आणायला पळालेला. कुणाच्या तरी आईने मध्ये पडून वाचवला. म्हणजे पेटवला नाही, एवढंच. त्याचा एक दात माझ्या चपलेखाली आला.

ग्यासीचं शेड कुठे ते मला माहीत आहे. त्या गल्लीत शिरलोच नाही.

फ्रेम्पोंग उस्ताद भेटला. ढेरपोट्या, हसरा, पहिल्याच वाक्याला मेव्हणा करून टाकतो. "या मेव्हणे! गाडी आजारी की बायको?" मला आवडला. मी म्हटलं, नवा बेल्ट टाका.

"नवा? चिनी? मेव्हणे, जीव नकोसा झालाय का? जर्मनीतून आलेल्या इंजिनावरचा काढून देतो. तिकडे गोऱ्यांच्या घरी वापरलेला. गोऱ्यांनी वापरलेलं आपल्या नव्यापेक्षा चांगलं, हे काय मी सांगायला हवं?"

नको. हे सगळ्यांनाच माहीत आहे. आईचा फ्रीज तसलाच, माझे बूट तसलेच. मीच म्हणालो, हो हो, घरचा वापरलेलाच द्या.

२७ जानेवारी

बसवला! काळाकुळकुळीत, चकचकीत होता, डोळ्यांनी बघितला. फ्रेम्पोंगने बॉनेटवर थाप मारली. "जा, वाळवंट पार कर." परवा बोल्गा.

२ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

बोल्गाहून परत आलो. मॅगझिनच्या मोठ्या चौकात गाड्या तुंबलेल्या, चार प्रवासी आत. अचानक एक माणूस गाडीसमोर आडवा आला, दोन्ही मुठी बॉनेटवर. ग्यासी!

"बंद कर! इंजिन बंद कर, गाढवा!"

मी हॉर्न दाबला. त्याने खिडकीतून हात घालून माझी मान आवळली, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली, मला कॉलरला धरून रस्त्यावर ओढला. वाटलं, आता मारतो हा. तर मला तिथेच टाकून तो बॉनेट उघडायला गेला. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत त्याच्या शेडपर्यंत नेली. प्रवासी शिव्या देत पांगले.

"गल्लीतून ऐकला मी आवाज. बापाची गाडी अशी कण्हत नाही कधी." कव्हर काढलं. बेल्टवरून अंगठा फिरवला आणि माझ्या नाकासमोर धरला. अंगठा काळा. "वास घे."

बुटाचं पॉलिश.

खाली रबराला भेगाच भेगा, दोन दाते गायब. "कुणी बसवला?"

"फ्रेम्पोंगने. जर्मनीचा आहे, घरचा वापरलेला —"

"रबर आहे रे ते, वारसदार! फ्रीज नाही!"

आणि निघाला. हातात काही नाही, नुसत्या मुठी. मी मागोमाग. का गेलो? माझे चार प्रवासी, तो म्हातारा म्हणाला होता तो चढ, मागचा लाकडाचा ट्रक... सगळं डोक्यात चढलं होतं. जाताना पायाशी पडलेला व्हीलपाना उचलला.

फ्रेम्पोंग म्हणाला, "या या! मेव्हणे सहकुटुंब आले!" ग्यासीने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. फ्रेम्पोंगची माणसं धावली, रेंच, साखळी, सगळं बाहेर आलं. ग्यासी खाली पडला, फ्रेम्पोंग त्याच्या छातीवर बसून डोकं जमिनीवर आपटायला लागला. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मागून मारलं. कानाच्या मागे. पाना हातातून निसटला, इतक्या जोरात.

फ्रेम्पोंग कलंडला. मग उठला. कानातून थोडं रक्त. पाण्याची पिशवी दाताने फाडून डोक्यावर ओतली आणि हसला! "कोण रे तो? पोरीसारखा मारतो." मग पोटात ढवळतंय म्हणून बाकावर आडवा झाला.

पळालो दोघंही. वाटेत ग्यासीही हसायला लागला, दातांतून रक्त येत होतं. मलाही हसू आवरेना.

४ फेब्रुवारी

ग्यासीने नवा बेल्ट आणला, डब्यातला, सील असलेला. माझ्यासमोर फोडला. "बघ. नीट बघ. पुन्हा कुणी फसवलं तर मी नाही येणार."

बेल्टच्या दोन्ही चक्रांवर खडूच्या खुणा केल्या, जुना काढला, नवा चढवला. मग किल्ली नाही मारली. पान्याने इंजिन हातानेच हळूहळू पूर्ण फिरवलं, कान लावून. खुणा परत समोरासमोर आल्या तेव्हा कुठे श्वास सोडला.

मी म्हटलं, "आई म्हणत होती तू ब्रेक कापशील."

"कापणार होतो," म्हणाला. "चाळिसाव्यानंतर खाली शिरलोही होतो. पण बापाने हौसेने बसवलेले ब्रेक होते रे."

दुपारी एकाच वाडग्यातून फुफूचा गोळा रश्शात बुडवून खाल्ला. मटणाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. "खा वारसदार." आज त्या शब्दाला धार नव्हती.

५ फेब्रुवारी

गाडी मांजरीसारखी घुरघुरते.

६ फेब्रुवारी

फ्रेम्पोंग गेला. बाकावरून घरी नेला तो मधूनमधून बरळत होता म्हणे, काल बेशुद्ध झाला, आज गेला. मॅगझिनमध्ये घण बंद आहेत. असं कधी ऐकलं नव्हतं.

मारलं कुणी? धुमाकुळात कुणीच नीट बघितलेलं नाही. सगळे एकच नाव घेतात. खुर्चीवाला. अंगठा चावणारा.

मी ग्यासीच्या शेडबाहेर गाडीत बसलोय. तो आत एका ट्रकखाली झोपून काम करतोय, गुणगुणतोय.

७ फेब्रुवारी

पोलिसांनी ग्यासीच्या शेडमध्ये, त्याच्यासमोरच मला विचारलं. मी म्हणालो, ग्यासी.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाला नाही. बेड्या पडल्यावर जीपमध्ये चढता चढता ओरडला, "आठवड्याने बेल्ट परत घट्ट करून घे!"

कुणाकडून, ते मी विचारलं नाही.