तुझ्या शनिवारआधी

१९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय शेपूट,

कशी आहेस? आम्ही दोघं मजेत. चाळिशी ओलांडलीस तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, तक्रार करायची नाही. लहानपणी माझ्या फ्रॉकचं टोक धरून घरभर फिरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं?

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही म्हणून फुगून बसली आहेस, असं तुझ्या भावोजींकडून कळलं. फुगू नकोस गं. हल्ली मला पत्रच बरं पडतं.

हॉलमध्ये बसून लिहितेय. खाली सायकलवाल्याचं दुकान, वर आमचा हा लांबट हॉल, शेवटच्या भिंतीपाशी गाणाऱ्यांचा आवाज जुळवायचं माझं मिक्सरचं टेबल. साउंड चेक व्हायचाय. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भलताच घुमतो, आणि माणसं येऊन बसली की तीच तो पिऊन टाकतात. म्हणून आम्ही काय करतो, तर आधी सगळ्या खुर्च्यांवर जुने कोट आणि पांघरुणं घालून ठेवतो. नवखा गायक आला की दचकतोच. आत्ता खिडक्यांतून ऊन आलंय आणि रांगेने सगळे कोट ऊन खात बसलेत. एक तपकिरी कोट जरा कलंडलाय, अगदी तुझे भावोजी मैफलीत पेंगतात तसा. इतकं शांत आहे, की पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. खोटं कशाला सांगू, आवडतंय मला.

या शनिवारी बस चालवणारा एकजण आणि त्याची बायको गाणार आहेत. ती नर्स आहे. थांब्याथांब्यावर सुचलेली गाणी तो बांधतो, ती दुरुस्त करते. पुढच्या शनिवारी दाताचा डॉक्टर. मोडक्या कपाटाच्या लाकडाचं त्याने स्वतःच एक तंतुवाद्य बनवलंय आणि ते मांडीवर घेऊन तो लहान मुलासारखा लाजतो. आणि त्यानंतरचा शनिवार तुझा! पोस्टर लागलं बरं का. वर ठसठशीत 'इंडी संगीत' आणि खाली तुझा फोटो, नेहमीसारखा डोळे मिटलेला. भावोजींनी विचारलं, "हे इंडी म्हणजे काय गं?" म्हटलं, "पाठीशी कोणी नसताना जे स्वतःची गाणी गातात ते." तर म्हणतात, "मग धाकटीच्या पाठीशी तू आहेस की." मी उठून चहा टाकायला गेले.

परवा सकाळी ह्यांना म्हटलं, या वर्षी समोरच्या झाडावर पाखरं फिरकलीच नाहीत. हे माझ्याकडे बघतच राहिले. झाडावर म्हणे नुसता कलकलाट चालला होता.

बरं, आता मागच्या शनिवारची गंमत सांगते. गंमतच म्हणायची. एक शाळेतल्या बाई गात होत्या. गाणं संथ, दिवे मंद, मी मिक्सरवर. अचानक सगळ्या हॉलने दोन्ही हात कानांवर नेले. पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत सगळ्यांनी! मला वाटलं, बाईंनीच सांगितलं असणार, कान झाका आणि आतलं ऐका, असलं काहीतरी. हे लोक काय वाट्टेल ते करायला लावतात ना. पण काय सुंदर दिसत होतं ते! मीही मिक्सरवरचे हात उचलले आणि कानांवर ठेवले. हसत हसत.

माइक शिट्टी मारत होता, शेपूट. स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी चालली होती, आणि जिने एका बोटाने ती बंद करायची ती मी, कानांवर हात ठेवून हसत बसले होते. हॉलच्या मालकीणबाई धावत आल्या आणि माझ्या अंगावरून वाकून त्यांनी बटण खाली ओढलं. मग त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. उंच आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. खालचे आहेत अजून, तेही हळूहळू जातील म्हणाल्या. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. कानातल्या यंत्राने बोलणं कळेल, गाणं गाण्यासारखं लागेलच असं नाही. जन्मभर मी कानांवर जगले. मला फार भीती वाटते गं.

आणि तू अट घातली आहेस, की ताई मिक्सरवर असेल तरच गाईन. इतकी वर्षं स्वयंपाकघराबाहेर तुझं गाणं आलं नाही. आत्ता कुठे हो म्हणालीस, तेही माझ्या भरवशावर. म्हणून हे सांगायची जीभ रेटेना. मनात आलं, एक शनिवार काय, निभावून नेऊ अंदाजाने. पण अंदाजाने तुझ्या आवाजाची माती झाली तर?

तेव्हा मिक्सरवर मी नसेन. ती नर्स असेल. तिचे कान भारी तिखट आहेत, खालच्या सायकलची घंटा कुठल्या बाजूने आली तेही सांगते. रोज संध्याकाळी शिकवतेय तिला. चुकली की मी ओरडते, ती उलट हसते. माझ्यापेक्षा बरी करील.

आता तू पत्र खाली ठेवून "मग राहू दे" म्हणणार. ओळखते तुला! राहू बिहू द्यायचं नाही. येच तू. मी समोर बसते, डोळे उघडलेस तर दिसेन अशी.

आता एक शेवटचं. गेल्या महिन्यात तू फोनवर नवं गाणं म्हणून दाखवलंस. मी "छान, छान" म्हणत राहिले. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. तू श्वास घ्यायला थांबायचीस तेवढं कळायचं, बाकी वाऱ्यासारखं काहीतरी. म्हणून मी फोन उचलत नाही. तुला दुसऱ्यांदा खोटं छान म्हणायचं नव्हतं.

तुझा आवाज पहिल्यापासून वरचा, तुझा तरी काय दोष. पण तेवढं एक गाणं खाली उतरव. जरासं नाही, पार खाली, जिथे तुझा आवाज घोगरा होतो आणि तुला स्वतःचीच लाज वाटते तिथे. लोकांना कदाचित आवडणार नाही. नाही तर नाही. बाकीची सगळी त्यांच्यासाठी म्हण, तुझ्या पट्टीत. हे एक मला दे. अजून ऐकू येतंय, तोवर तुझं गाणं मला ऐकायचंय.

वाट बघते.

तुझी,
अजून ऐकणारी
ताई