कुकरात गेलेल्या थोराड पेशी

प्रिय आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार (आपल्या घरात सगळे ऐकतात ते फक्त त्याचंच). काकांचा खोकला कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे, मन सोडून.

ज्या क्षणी मी ऑटोक्लेव्हचं झाकण घट्ट आवळलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा आडदांड थोरला भाऊ. आमच्या प्रयोगशाळेत बिघडलेल्या डिश (पेशी वाढवायच्या चपट्या बशा) त्यात उकडून मारतात. मी कॉलेज अर्ध्यात सोडून इथे काचेची भांडी धुतो हे बाबांनी तुला सांगितलंच असेल (त्यांनी 'धुतो'वर किती जोर दिला असेल तेही मला ठाऊक आहे). इथे यीस्ट पाळतात. पाव फुगवणारं गरीब यीस्ट नव्हे. हे माणसाच्या फुप्फुसात शिरून बिऱ्हाड करतं आणि आधीच खचलेला कुणी सापडला तर थेट मेंदूपर्यंत पोचतं. हे यीस्ट जी पाळते, तिच्याबद्दल खरं तर हे पत्र. सगळी प्रयोगशाळा तिला ताई म्हणते. मी म्हणत नाही. तो शब्द माझ्या तोंडून निघणं शक्य नाही, आणि नावाने हाक मारायची हिंमत नाही, म्हणून कित्येक महिने मी प्रत्येक वाक्य 'अहो, ते हे' असं सुरू करतोय. तिला वाटतं मी बोलताना अडखळतो. भांडताना मी अजिबात अडखळत नाही, हे तिला या आठवड्यात कळलं.

मंगळवारी ती सुट्टीवर होती, आणि डिशवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ते मला उंटाने शिकवलंय (उंट म्हणजे तिच्याबरोबरचा लांब मानेचा संशोधक, तिच्या टेबलाशी वाकून उभा असतो, विनाकारण). सूक्ष्मदर्शकातून बघायचं, सगळ्या पेशी सारख्या, मोहरीसारख्या बारीक दिसल्या की ठीक; भलतंच काही दिसलं की बाहेरचं कुणीतरी शिरलंय, टाक कुकरात. शेवटची डिश बघतो तर काय, त्या बिचाऱ्या मोहऱ्यांमध्ये लिंबाएवढे गोळे! जाडजूड कवच चढवून ऐसपैस बसलेले, जणू भाडं तेच भरतात. माझं डोकं सणकलं. तिच्या पेशींत कुणी परका घुसतो म्हणजे काय? (उंटाची मानही डोळ्यांपुढे आली असेल, नक्की सांगता येत नाही.) उचलली डिश, घातली कुकरात, आणि झाकण आवळताना वर एक शिवीही हासडली.

दुसऱ्या दिवशी तिला हे छाती फुगवून सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली. ते गोळे परके नव्हते, आत्या. तिचंच यीस्ट ते. याच्या काही पेशी कधी कधी दहापट फुगतात, आणि तशी एक तरी आपल्या डिशमध्ये फुगावी म्हणून ती वर्षभर झिजत होती. महिनाअखेर तिची मुदत संपतेय. तोवर काही दाखवता आलं नाही तर विषय बंद आणि तिची दुसरीकडे रवानगी. आता सगळ्यात वाईट सांगतो. हे तिने मला आधीच समजावलं होतं. नीट, चित्र काढून. मी तेव्हा तिच्या केसांत खोचलेल्या पेन्सिलीकडे बघत होतो.

उंट हसला. त्यावर मी जे बोललो ते तुझ्या गुडघ्याला सोसायचं नाही. नोकरी सोडली म्हणालो, हातमोजे आपटले आणि दाराकडे निघालो (दार आपटण्यात माझा हातखंडा तू जाणतेसच, घराचं आपटून झालंय, कॉलेजचंही). तेवढ्यात ती म्हणाली, "ओरडून झालं? ये, बस इथे. काय दिसलं ते पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं, न अडखळता. कुठली डिश? ज्या डिशमध्ये पेशी अगदीच तुरळक पडल्या होत्या ती. उंटाने तर ती टाकूनच द्यायला सांगितली होती. हे ऐकलं आणि तिने केसांतली पेन्सिल उपसली (मी बघितलं नाही, शपथ) आणि सगळं पुन्हा समजावलं. दाटीवाटीत असल्या की या फुगत नाहीत. मोजक्याच उरल्या, खायला नाही, जागा परकी, की टम्म होतात. मग आपल्या रक्तातल्या राखणदार पेशींना त्या गिळता येत नाहीत. यीस्टच्या दूरच्या भाऊबंदांत तर असे आहेत की नुसतं जस्त कमी पडलं तरी फुगून बसतात. "हुबेहूब हा," उंट माझ्याकडे मान वळवून म्हणाला. आणि आत्या, मला राग आला नाही. माझी ती एकट्याची भाड्याची खोली, ते रोजचं डबाभर गार जेवण आठवलं, आणि वाटलं, बरोबर बोलला गाढव. (जस्ताचं मात्र तपासून घेतो.) फुगलेल्या पेशीची पिल्लं साध्याच मापाची निघतात म्हणे. हे बाबांच्या कानावर घालू नकोस.

तिने नव्या डिश लावल्यात, मुद्दाम विरळ. मी आता शांत झालोय. तिचा विचार डोक्यातून काढून टाकलाय. भांडी धुतो, गप्प बसतो.

तुझा भाचा

ता. क. : ती म्हणाली, "डोळे चांगले आहेत तुझे, कानही वापर. कॉलेज पुरं करून ये, मग भांडी धुवायला नाही, डिश बघायला घेईन." कॉलेजात विचारून आलो. प्रिन्सिपॉल म्हणतात, वडिलांना घेऊन या, त्याशिवाय दारात उभं करणार नाही. बाबांना तूच सांग. तुझ्यापुढे ते फुगत नाहीत.

पुन्हा ता. क. : वरचं 'शांत' वाचू नकोस. आत्ताच फोनवर तिचा निरोप आला, "फुगल्या! लवकर ये." मी बूट शोधत होतो, तेवढ्यात उत्तर बोटांनीच लिहून टाकलं, मला न विचारता : "आलो, ताई." गेलंय ते. तिने वाचलंही. आता काय करायचं ते तुझ्या उत्तरात कळव. पाकीट जाता जाता पेटीत टाकतो. बूट चढवले, निघालो. दार लावतोय. हळूच.