गालाच्या हाडाचा आधार

प्रिय कुमुताई,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो. वेस्ट मांबलमला उकाडा नेहमीसारखाच आहे, कीर्तीचं शाळेत शिकवणं पुन्हा सुरू झालं आहे, आणि परवा मी मुरुक्कू खाल्ला. इथली तांदळाची कडक चकली गं. माझ्या तोंडून 'कुडुम्' आवाज आला तशी कीर्ती स्वयंपाकघरातून धावत आली.

करोनानंतरच्या काळ्या बुरशीत माझा वरचा जबडा दातांसकट काढला, हे तुला माहीत आहे. टाळूला भोक राहिलं, हे मात्र आम्ही सांगितलं नव्हतं. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं. भोक झाकायला प्लेट होती, पण तिला धरून ठेवायला ना दात ना हाड. बोलता बोलता घसरायची. मग आवाज नाकात जायचा, 'ब'चा 'म' व्हायचा, 'द'चा 'न'. बँकेत मला काउंटरवरून आतल्या टेबलावर बसवलं. कुणी हसलं नाही, पण सगळे माझ्याशी मोठ्याने बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. शेवटी मी बोलणंच सोडलं. दिवाळीला तू फोनवर तुझ्या भावजयीला, कीर्तीला, म्हणालीस, "त्याला आता बहीण नकोशी झाली आहे." स्पीकर चालू होता, ताई. मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर तुला एक शब्द कळला नसता, आणि तू तिकडे रडत बसली असतीस.

इम्प्लांटला दोघा डॉक्टरांनी नकार दिला. स्क्रू बसवायचा कशात, वर हाडच नाही. मग अण्णा नगरला डॉ. हरिप्रिया भेटल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. बोलणं जुन्या वळणाचं, मधेच तमिळ. स्कॅन बघून म्हणाल्या, "वरचं हाड गेलं तर जाऊं द्या. गालाचं आहे की!" लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवायचे आणि दात त्यांवर पेलायचे. कीर्तीने घाबरून डोळ्याचं विचारलं. "डोळा जवळ आहे, खरं. म्हणून मेदुवा करूं," म्हणाल्या. मेदुवा म्हणजे सावकाश.

शस्त्रक्रियेनंतर चेहरा इतका सुजला, की कीर्तीने आरशावर टॉवेल टाकला. मीही एकदा चिडून तिला चिठ्ठी लिहिली, उगाच केलं हे सगळं. पण सूज उतरली, पक्के दात बसले, टाळू झाकली गेली. डॉक्टर म्हणाल्या, काहीतरी बोला. मी म्हटलं, "बाबा." का, कोण जाणे. 'मामा' नाही, स्वच्छ 'बाबा'. कीर्ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. 'स' अजून शिट्टीसारखा वाजतो, आणि फोनवर तर फारच, म्हणून फोन टाळला.

आता पत्राचं कारण. संयुक्ताचं लग्न ठरल्याचं कळलं. मंगलाष्टकांची माणसं तू ठरवली असशील, कदाचित माझं नाव मुद्दाम टाळलंही असशील, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. टाळू नकोस. सगळी नकोत, एकच कडवं मला दे. आठवडाभर मी गच्चीवर म्हणून बघतो आहे. चाल थोडी हलेल, शिट्टीही वाजेल. पण भाचीच्या मागे उभा राहून मामाला गाऊ दे. अक्षता तोंडावर पडल्या तरी मधे थांबणार नाही.

तुझाच,
विद्याधर